नीलम पारखून कसा घ्यावा

लक्ष्मी रस्त्यावरील सराफी पेढ्यांत नीलम दाखवला जातो तो दिव्यांच्या झगमगाटात, आणि त्या प्रकाशात मध्यम प्रतीचा खडाही देखणा वाटतो. म्हणून मनात भरलेला खडा सराफांना विचारून दाराशी न्यावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा. उत्तम नीलम तेथे काळवंडत नाही. सुटा खडा छापील मजकुरावर ठेवून वरून पाहिल्यास मधोमध अक्षरे स्पष्ट वाचता आली, तर तो उथळ घडवला आहे असे समजावे. अशा खड्याची निळाई मध्यभागी फिकी पडते.

नीलम हा माणकाचा सख्खा भाऊ: दोन्ही कुरुंदच, म्हणजे ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड. लोह आणि टायटॅनियम यांच्या अल्पांशाने त्याला निळा रंग येतो. काठिण्य दहापैकी ९ असल्याने तो रोजच्या अंगठीतही टिकतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे कॅव्हनसाइट हे खनिज निळाईत कोणालाही हार जाणार नाही, पण ते इतके मऊ आणि ठिसूळ आहे की त्याची जागा संग्रहातच. दागिन्यासाठी सौंदर्याइतकाच टणकपणा लागतो.

काश्मीरच्या पाडर भागात १८८१ च्या सुमारास दरड कोसळून नीलम उघडे पडले. त्यांच्यातील अतिसूक्ष्म कणांमुळे प्रकाश विखुरतो आणि निळ्यावर मखमली साय आल्यासारखी दिसते. माझ्या मते त्याहून सुंदर निळा रंग नाही. ती उत्तम खाण काही वर्षांतच रिती झाली, त्यामुळे ‘काश्मिरी’ म्हणून स्वस्तात दाखवलेल्या खड्यावर विश्वास ठेवू नये. श्रीलंकेचे नीलमही थोर परंपरेचे आहेत. १९८१ मध्ये डायानाच्या साखरपुड्याच्या अंगठीत बसवलेला सुमारे १२ कॅरेटचा नीलम तिथलाच होता.

बाजारातील बहुतेक नीलम तापवून रंग खुलवलेले असतात. त्यात गैर काही नाही, मात्र ते सांगितले गेले पाहिजे, कारण न तापवलेल्या चांगल्या खड्याची किंमत बरीच अधिक असते. कृत्रिम नीलमही रासायनिकदृष्ट्या कुरुंदच असतो. ज्वालेत वितळवून केलेल्या खड्यात भिंगाखाली वक्र रेषा दिसू शकतात, तर नैसर्गिक खड्यातील रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात वळलेले असतात. भेगांत काच भरलेला खडा मात्र टाळावाच. नुसत्या डोळ्यांनी हे सारे ठरवता येत नाही, म्हणून रत्नपरीक्षण प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘नैसर्गिक’ हा शब्द, उष्णताप्रक्रियेची नोंद आणि वजन वाचूनच पैसे द्यावेत. अंगठीवरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नव्हे.