पावसात मोटरहोमचा मुक्काम: हीटर चालू, खिडकी उघडी

मोटरहोम म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. ती घेऊन नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलात तर पाऊस थांबायची वाट बघत बसायचं नसतं. तिथल्या बर्गन शहरात वर्षाकाठी 2,000 मिमीहून जास्त पडतो. मुंबई तेवढा चार महिन्यांत उरकते, इथे तो बाराही महिने चालू.

जागा. निळ्या पाटीवर टेबल आणि झाड दिसलं की ती ‘रास्टेप्लास’, म्हणजे थांब्याची जागा. रात्रीच्या मुक्कामाला बंदी असेल तर तशी पाटी असते, ती वाचा. ‘तिकडे कुठेही राहता येतं’ हा ऐकीव सल्ला तंबूवाल्यांचा आहे. 1957 च्या कायद्यातला मुक्त वावराचा हक्क पायी हिंडणाऱ्यांसाठी आहे, गाडीसाठी नाही. ओल्या गवतावर चढू नका. फियाटच्या ड्युकाटो व्हॅनवर बांधलेल्या बहुतेक गाड्यांना पुढची चाकं ओढतात आणि वजन मात्र मागे असतं. सकाळी चाक जागच्या जागी फिरत बसतं. डांबर किंवा खडी बघा, तोंड बाहेर पडायच्या दिशेला ठेवा.

छत. गाडी किंचित कलती ठेवा म्हणजे छतावर पाणी साचत नाही. फार कलती नको, गॅसवरचा फ्रीज नीट थंड होत नाही.

दमटपणा. बहुतेकांची फसगत इथे होते. आपण कोकण-मुंबईत वाढलेलो. पाऊस आला की खिडक्या लावायच्या हे हाताला शिकवावं लागत नाही. तिथे ते बरोबरही आहे, कारण जुलैतली बाहेरची हवा 27-28 अंशांची आणि वाफेने गच्च असते. नॉर्वेत ही सवय उलटी पडते. 10 अंशांची हवा पावसात पूर्ण ओली झाली, तरी एका घनमीटरमध्ये साडेनऊ ग्रॅमच्या आसपासच पाणी धरते. तीच आत येऊन 20 अंशांला तापली की तिची आर्द्रता 55 टक्क्यांवर उतरते. म्हणजे बाहेर धो धो कोसळत असलं तरी बाहेरचीच हवा तुमची गाडी सुकवते.

आतलं पाणी मात्र तुम्हीच तयार करता. दोन माणसं रात्रभरात श्वासातून अर्धा लिटर सहज सोडतात. शेगडीवर एक किलो प्रोपेन जाळला की सुमारे 1.6 लिटर पाणी वाफ होऊन आतच राहतं. म्हणून गाडी तापवायला शेगडी कधीच पेटवू नका; कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे तो वेगळाच. गाडीच्या हीटरचा धूर आणि त्यातली वाफ नळीने बाहेर जाते. तो रात्री बंद करू नका, 15-16 अंशांवर चालू ठेवा. बंद केला की भिंती गार पडतात आणि पहाटे गादीखालून ओल येते.

वाऱ्याच्या आडोशाची खिडकी पहिल्या खाचेवर अडकवा. ती वरून लटकलेली असल्याने छज्ज्यासारखी राहते, पाणी आत येत नाही. छताची खिडकीही बोटभर उघडी हवी. गाडीच्या तळातल्या जाळीदार भोकांवर चिखलाचे बूट ठेवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर तिथूनच बाहेर जायचा.

पुढची मोठी काच एकेरी असते, तिला सगळ्यात जास्त घाम येतो. आतून लावायचे चंदेरी पडदे सगळेच सुचवतात. आमचं मत: घेऊ नका. काच गारच राहते, पाणी पडद्यामागे ओघळून डॅशबोर्डात उतरतं. बाहेरून घालायचं जाड कव्हर घ्या.

स्वयंपाक. कुकर चालेल, पण शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी यायच्या बेतात आच बारीक करा, मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. भात झाकण उघडं टाकून शिजवणं मात्र नको.

ओले कपडे. बाथरूममध्ये टांगा. तिथली छताची खिडकी उघडी, दार बंद, हीटरची गरम हवा येणारं भोक उघडं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे.

ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छप्पर. लावलंच तर एक कोपरा खाली ओढा, नाहीतर मध्ये पखाल भरते आणि दांडा वाकतो. रात्री गुंडाळून ठेवा. ओलंच गुंडाळलं असेल तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की ब्रशने घासूनही जात नाहीत.