क्योटोत अपार्टमेंट घेताय? किल्लीपासून कचऱ्यापर्यंत

क्योटोत चार-पाच रात्री राहायचं असेल, तर छोटं अपार्टमेंट हॉटेलपेक्षा सोयीचं पडतं. ओटा असतो, वॉशिंग मशीन असतं. नसतं ते रिसेप्शन. त्यामुळे खोळंबा होतो तो ठरावीक ठिकाणीच.

बुकिंग करतानाच परवाना किंवा नोंदणी क्रमांक बघा. जून २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याखाली नोंदवलेलं घर पाहुण्यांना वर्षात जास्तीत जास्त १८० दिवसच देता येतं. क्योटोच्या निव्वळ निवासी भागांत तर, काही अपवाद सोडले तर, फक्त मध्य जानेवारी ते मध्य मार्च. म्हणजे साकुराच्या, चेरी फुलण्याच्या दिवसांत शांत गल्लीतली स्वस्त जागा दिसली आणि क्रमांक कुठेच नसला, तर तिच्या नादी लागू नका. पासपोर्टची प्रत मागितली की द्यावी, परदेशी पाहुण्यांसाठी तो नियमच आहे. निवासकर माणशी, दर रात्रीचा असतो. मार्च २०२६ पासून माणशी भाडं ६,००० येनच्या आत असेल तर २०० येन, त्यापुढे २०,००० च्या आत ४०० येन. तो भाड्यातच धरलाय की वेगळा द्यायचाय, हे आधी विचारा.

जुन्या शहरातला पत्ता वाचायची रीत वेगळी आहे. आधी दोन रस्त्यांचा चौक, मग दिशा. ‘आगारु’ म्हणजे उत्तरेला, ‘सागारु’ दक्षिणेला, ‘हिगाशी-इरु’ पूर्वेला, ‘निशी-इरु’ पश्चिमेला. ‘कारासुमा-दोरी शिजो सागारु’ म्हणजे कारासुमा रस्त्यावर, शिजोच्या चौकातून दक्षिणेकडे. एकाच नावाचे मोहल्ले शहरात अनेक आहेत, म्हणून मॅपवर सात आकडी पिनकोड घालूनच शोधा.

किल्ली बहुतेक वेळा खालच्या टपालपेटीत असते आणि पेटीला फिरवायचं कुलूप. सूचना अशी येते: ‘उजवीकडे २ वेळा ५, डावीकडे १ वेळा ८’. याचा अर्थ दोन पूर्ण फेरे नव्हे. बटण उजवीकडे फिरवा, ५ एकदा खुणेसमोरून जाऊ द्या, दुसऱ्यांदा आला की थांबा. मग डावीकडे, पहिल्यांदा ८ आला की थांबून ओढा. आकडा थोडासा जरी पुढे गेला तरी मागे आणून चालत नाही, सुरुवातीपासून करा. या सूचनांचे आणि मुख्य दाराच्या कोडचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण वायफाय दाराच्या आत असतं!

आत आल्यावर बूट गेनकानमध्येच, म्हणजे दाराजवळच्या खोलगट भागात. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, स्लिपरही नको आणि बॅगेची चाकं तर अजिबात नकोत. सहा चटयांची खोली दहा-अकरा चौरस मीटरची. दोन गाद्या घातल्या की एकच मोठी बॅग उघडी राहू शकते. फुतोन, म्हणजे जमिनीवर घालायची गादी, रोज सकाळी उचलून घडी करा. घामाचा ओलावा खाली अडकला की तातामीला बुरशी धरते.

गरम पाणी येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा भिंतीवरच्या गीझरच्या पॅनेलची असते. ते बंद असेल तर कितीही वेळ नळ सोडा, पाणी गारच. चालू करून तापमान ४० ठेवा. टब आपोआप भरायचं बटण असेल, तर ते दाबण्याआधी टबाचं बूच हाताने चाचपून बघा. बूच लागलेलं नसेल तर गरम पाणी थेट गटारात. अंग टबाबाहेर धुऊन मगच टबात बसायचं, तेच पाणी पुढच्यासाठी राहतं. फ्लशच्या दांडीवर दोन चिन्हं दिसतील: हातपाय फाकून उभ्या माणसासारखं दिसतं ते मोठं फ्लश, उभ्या रेघेच्या दोन बाजूंना टिंबं असलेलं ते छोटं.

वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर फक्त अडॅप्टर पुरतो. पण २३० व्होल्टची किटली तिथे जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या ताकदीने तापते, ती घरीच ठेवा. एसी, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर एकदम लावले की ब्रेकर पडतो. एक बंद करा, बऱ्याचदा दाराजवळच असलेल्या पेटीतला पडलेला खटका वर करा. भात लावताना राइस कुकरचा कप १८० मिलीचा असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर पाण्याचा अंदाज हमखास चुकतो.

कचऱ्यात खरी गोम आहे. शेजाऱ्यांच्या पिवळ्या पिशव्या रस्त्यावर दिसतील, पण त्या घरगुती कचऱ्याच्या. पाहुण्यांचा कचरा हा धंद्याचा कचरा धरला जातो आणि त्याची व्यवस्था मालकाने करायची असते. तुम्ही फक्त वर्गवारी करून घरातल्याच डब्यांत ठेवायचा: ओला आणि जळणारा एकीकडे, प्लास्टिकची वेष्टनं दुसरीकडे, डबे-बाटल्या वेगळ्या. पेट, म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून ते प्लास्टिकमध्ये टाका, बाटली विसळून ठेवा. पिशवी गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवून निघालात, तर ती तिथेच पडून राहते आणि शेजारी थेट मालकाला फोन करतात.