एक विहीर, दोन भाऊ: टीएलए प्लसमध्ये फेअरनेस कुठं अन् किती लावायचा

आमच्या वरूडकडं संत्र्याच्या बागा विहिरीवर जगतात, अन् एका विहिरीत दोघा भावांचा हिस्सा अन् मोटर एकच असली की उन्हाळ्यात भांडण ठरलेलंच. टीएलए प्लस म्हणजे प्रोग्रामचा आराखडा गणितासारखा लिहून तपासायची भाषा, अन् त्यातला फेअरनेस म्हणजे शक्य असलेलं काम कायमचं टाळलं जाणार नाही ही अट. मले फेअरनेस याच विहिरीवर कळला, म्हणून तुम्हीबी इथूनच सुरू करा.

व्हेरिएबल एकच घ्या, विहीर. ती रिकामी, नाहीतर भावाकडं, नाहीतर माझ्याकडं. ॲक्शन दोनच, घेणे अन् सोडणे. घ्यायले विहीर रिकामी पाहिजे, सोडायची ज्याच्याकडं आहे त्यानंच. दोघांचं पाणी एकाच वेळी चालू नाही ही झाली सेफ्टी, ती इथं फुकटातच मिळते. आपल्याले तपासायचा आहे लाइव्हनेस, म्हणजे माझा नंबर पुन्हापुन्हा लागत राहते का. ही दोन नावं लेस्ली लॅम्पोर्टनं १९७७ च्या पेपरात दिली, टीएलए प्लसबी त्याचंच.

आता टीएलसी चालवा, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या शक्यता तपासणारं टूल. लगेच फेल, ट्रेसच्या (चूक कशी घडली त्या पायऱ्यांच्या) शेवटी स्टटरिंग, काहीच न बदलणं. म्हणजे विहीर रिकामी अन् दोघं भाऊ बांधावर नुसते बसून. फेअरनेस लिहिला नाही तर मॉडेलले हेबी चालते.

इथं बरेच जण अख्ख्या नेक्स्टवर, म्हणजे सगळ्या ॲक्शन मिळून, डब्ल्यूएफ (वीक फेअरनेस) लावून मोकळे होतात, मीबी तेच केलं होतं. मग ट्रेस असा निघाला: भावानं घेतली, सोडली, भावानं घेतली, सोडली, अन् तिथंच गोल फिरत राहिला. आपण मागितलं काय होतं, काहीतरी होत राहावं, मग होतच आहे ना राजेहो! बरं, म्हटलं फक्त माझ्या घेण्यावर डब्ल्यूएफ लावू. तरीबी तोच ट्रेस. काहून? वीक फेअरनेसची अट अशी की ॲक्शन एका टप्प्यापासून सतत, खंड न पडता शक्य राहिली तरच ती व्हायले पाहिजे, अन् इथं भावानं मोटर लावली की माझी शक्यता तुटते, त्यानं सोडली की येते, परत तुटते. शेतातल्या लाइनीसारखं, येते-जाते येते-जाते. स्ट्राँगवाला, म्हणजे एसएफ (स्ट्राँग फेअरनेस), म्हणते, येत-जात राहू दे, पण येणं कायमचं बंद नाही पडलं तर मोटर कधी ना कधी लागलीच पाहिजे.

म्हणून माझ्या घेण्यावर एसएफ, अन् भावाच्या सोडण्यावर डब्ल्यूएफ. हे दुसरं लोक हमखास विसरतात. भाऊ धरूनच बसला तर माझं घेणं एकदाबी शक्य होत नाही, मग एसएफ बिचारा काय करीन. सोडण्याले मात्र डब्ल्यूएफ पुरते, विहीर त्याच्या हातात असेपर्यंत सोडणं सतत शक्यच असते.

टीएलसी पास होते, पण खरं सांगू, मले हा एसएफ उधारीवर घेतल्यासारखा वाटते. कोडात साधा लॉक (एका वेळी एकालेच आत घेणारं कुलूप) असला तर ही हमी पाळणार कोण? तसंच लाइन येईनच असा फेअरनेस लिहू नका, दुसऱ्याच्या वतीनं शब्द देणारे आपण कोण.

त्यापेक्षा मॉडेलमध्येच पाळी टाका. आज तो, उद्या मी. माझी पाळी आली अन् विहीर रिकामी झाली की मी घेईपर्यंत कोणी मधी घुसत नाही, मग डब्ल्यूएफनंच भागते. फक्त एक लोचा आहे. भाऊ त्याच्या पाळीले लग्नाले गेला तर मीबी अडकलो, काहून की त्याच्या घेण्यावर डब्ल्यूएफ लावून आपण तो येईनच असं धरून चाललो. म्हणून सरळ पाळी नाही, वही ठेवा: ज्यानं मागितलं त्याचं नाव रांगेत. घेण्या-सोडण्यावर डब्ल्यूएफ, मागण्यावर काहीच नाही, अन् तपासायचं एवढंच की मी मागितलं तर पुढं कधीतरी मिळते का.

अन् हो, लाइव्हनेस तपासताना सिमेट्री सेट (दोघं भाऊ सारखेच धरून तपासणी कमी करायची सोय) बंद ठेवा, नाहीतर चूक असूनबी टीएलसी पास म्हणू शकते.