दोषारोपपत्र पाठवण्याआधी तपासी अंमलदाराने काय तपासावे

दोषारोपपत्राची साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत जवळ आली की ठाण्यात सगळी धावपळ फाईल जाड करण्याची असते. आधी आरोपीचे नाव बघा. सीसीटीएनएसवर (पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या संगणक प्रणालीवर) टाकलेली नोंद आयसीजेएसमार्गे (या सगळ्या यंत्रणांना जोडणाऱ्या प्रणालीतून) कोर्ट, कारागृह, प्रयोगशाळा आणि सरकारी वकिलांच्या पडद्यावर जशीच्या तशी उमटते. एफआयआरमध्ये दत्तात्रय, अटक फॉर्ममध्ये दत्ता आणि वॉरंटवर दत्तू लिहिलेत, तर एकाच माणसाचे तीन आरोपी होतात आणि जुने गुन्हे शोधताना निम्मे सापडतच नाहीत. ओळखपत्र समोर ठेवून वडिलांचे नाव, आडनाव, वय ताडा. टोपणनाव उर्फच्या रकान्यात टाका, नावाला चिकटवू नका. ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष प्रत्येक कागदावर एकच हवे. कोर्टात केस नोंदली की सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक (कोर्टातल्या केसची कायमची ओळख) त्याच दिवशी आपल्या रजिस्टरला चढवा.

मुद्देमाल मुंबईत कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला असेल तर पुडक्यावरचे लेबल, सील आणि पंचनामा पुन्हा जुळवा. सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट उशिरा येतो, त्याला तुमचा इलाज नाही. लेबल चुकणे मात्र तुमच्याच हातचे. जप्तीच्या चित्रीकरणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग ए चित्रीकरण सादर करणाऱ्याने भरायचा, भाग बी तज्ज्ञाने. हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे पटवणारी आकडे-अक्षरांची खूण) हाताने टाइप करू नका, कॉपी करा. एक अक्षर हुकले की उलटतपासणीला आयते खाद्य मिळते.

काय पाठवायचे नाही, हेही आधी ठरवा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचे नाव कुठल्याही जोडपत्रात निसटलेले नाही ना, पानोपानी पाहा. एफआयआर संवेदनशील म्हणून संकेतस्थळावर टाकायची नसेल, तर तो निर्णय उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचा. ठाण्यात परस्पर ठरवायचा नाही. फिर्यादीला नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवल्याची नोंद जोडा, मोबाइलवरचा मेसेजही चालतो.

आरोपी दुसऱ्या गुन्ह्यातही आत असेल तर ते ठळक लिहा. नाहीतर एका केसमध्ये जामीन होतो, दुसरीतले वॉरंट कारागृहाला उशिरा सापडते, किंवा सुटायचा माणूस विनाकारण आत राहतो. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ई-मेलने जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे.

दोषारोपपत्र ऑनलाइन गेले तरी कागदी संच पैरवी कर्मचाऱ्याजवळ (ठाण्याचे कोर्टातले काम बघणाऱ्याजवळ) द्या आणि पोच घ्यायला सांगा.