ख्रिस्ती प्रीती रोजच्या जगण्यात कशी दाखवायची : नाशिककरांसाठी थोडं प्रॅक्टिकल

प्रीती करा, प्रीती करा हे आपण दर रविवारी ऐकतो, पण सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या नोकरीला लागलेल्या पोरापोरींना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, पण मोठ्यांनी वाचलं तरी चालेल.

आधी एक नियम सांगते, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. एका हाताने मदत देताना दुसऱ्या हातात पत्रक नको. डबा नेऊन दिला, रक्त दिलं, फॉर्म भरून दिला, आणि लगेच "रविवारी चर्चला या ना" असं म्हटलं की समोरच्याला वाटतं अच्छा म्हणजे हे यासाठी होतं तर, आणि त्याचं तसं वाटणं काही चूक नाहीये. लूकच्या 17 व्या अध्यायात बघा, येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानायचे त्यांतला, म्हणून काय उरलेल्या नऊ जणांचा रोग परत आला नाही. कोणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर जरूर सांगा, लाजायचं काही कारण नाही, पण विचारेपर्यंत गप्प राहायला शिका. हे बोलण्यापेक्षा अवघड आहे बरं का.

आता सुरुवात कुठून करायची, तर पैशापासून. हो, पैशापासूनच, कारण आपल्याकडे प्रार्थना दोन तास चालते आणि कामवालीचा पगार दहा तारखेपर्यंत लटकतो. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्याच्यावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं म्हटलंय. नाशिकमध्ये हे समजायला लांब जायला नको. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, काढणी, या सगळ्याला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात, लेकरं घेऊन येतात आणि हिशोब मुकादमाकडे अडकला की आठवडी बाजारच बुडतो त्यांचा. ज्यांची बाग आहे त्यांनी मत्तयचा 20 वा अध्याय एकदा शांतपणे वाचा, द्राक्षमळ्याचाच दाखला आहे, संध्याकाळी पाचला कामावर आलेल्यालाही मालक पूर्ण दिवसाचा रोज देतो, आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. ते कुरकुरतात ते मला समजतं, पण ज्याला दिवसभर नाक्यावर उभं राहूनही कोणी कामाला नेलंच नाही त्याच्या पोटाला भूक काही अर्धीच लागत नाही ना.

शहरात राहणाऱ्यांसाठी हेच छोट्या मापात. भांडेवाल्या ताईंचा पगार एक तारखेला, न मागता. त्या आजारी पडल्या तर खाडे कापायचे नाहीत. बोनस दिवाळीला द्या, त्यांचा सण दिवाळी आहे, नाताळला देऊन आपलं समाधान कशाला. पेंटर, प्लंबर यांना "सुट्टे नाहीत, उद्या या" म्हणू नका, आता तर सगळ्यांकडे स्कॅनर आहे. आणि किचनमध्ये त्यांचा वेगळा कप ठेवला असेल, दांडी तुटलेला, तर तो आज फेकून द्या. आपल्या ख्रिस्ती घरांतही हा कप असतो, उगाच नाही म्हणू नका. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, 1868 साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरला जन्मलेल्या, कडक सोवळ्याच्या घरातल्या, आणि पुढे त्यांच्याच घरात वेगवेगळ्या जातींची पोरं वाढली, जेवली. त्या बाईंना दीडशे वर्षांपूर्वीचं सोवळं सोडता आलं तर आपल्याला एक कप सोडता येईल.

दुसरी गोष्ट दवाखाना. चांगल्या शोमरोन्याचा दाखला सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातला शेवट आपण विसरतो, तो माणूस जखमीला उतारशाळेत पोचवून सुटला नाही, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. म्हणजे परत येणं हा त्या मदतीचा भाग आहे. सिव्हिलला जिल्हाभरातून लोक येतात, पेशंटजवळ एकच माणूस असतो आणि त्याला आंघोळीलाही उठता येत नाही. तेव्हा लांबलचक प्रार्थना करण्यापेक्षा "काका, तुम्ही तोंड धुऊन चहा घेऊन या, मी बसते इथे" म्हणा. सोबत न्यायचं ते चार्जर, भाकरी-भाजी, पाण्याची बाटली. केळी नकोत, केळी सगळेच आणतात. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड, आधार लागतं, त्याच्या झेरॉक्सची धावपळ तुम्ही करा, गावाकडच्या माणसाला त्या खिडक्यांचीच भीती वाटते. आणि पेशंटपाशी बसून "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य कृपा करून बोलू नका.

रस्त्यावर अपघात दिसला, द्वारकेला असो की आग्रा हायवेला, तर व्हिडिओ न काढता 108 लावा. लोक पोलिसांच्या भानगडीला घाबरतात, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आहे, मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. कायद्यात त्या मदतनीसाला शब्दच गुड समॅरिटन वापरलाय, म्हणजे येशूच्या दाखल्यातला आपला शोमरोनीच.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर नाताळचा फराळ वाटताना थोडं डोकं वापरा. केकमध्ये अंडं आहे का हे शेजारच्या काकू विचारत नाहीत, घेतात आणि मागच्या दाराने देऊन टाकतात, म्हणून त्यांच्यासाठी एगलेस वेगळा करा आणि देताना सांगा. श्रावणात, एकादशीला, नवरात्रात आपल्या किचनचा वास कुठे जातो तेही बघा. आणि त्यांच्या घरात कोणी गेलं तर नाताळची वाट न बघता त्याच दिवशी जा.

परक्या माणसांबद्दल थोडं. अंबड-सातपूरला यूपी-बिहारची पोरं रूम करून राहतात, त्यांना भाड्याने घर देताना आपणही नाकं मुरडतो. आपण रोज ज्या शरणपूर रोडने जातो तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनची वसाहत होती, अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, अक्षरं आणि हातातला धंदा शिकली. जेकब वेनराइट त्यातलाच, 1873 साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसांमध्ये तो होता. या शहराला परक्यांना घर द्यायची सवय होती एकेकाळी. तुम्ही निदान त्या पोरांना गॅसची नोंदणी कशी करायची, सिटीलिंकची कुठली बस कुठे जाते, एवढं तरी सांगा. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला गर्दी होते, 2027 ला सिंहस्थ आहे, तेव्हा तर गावभर बाहेरचे लोक असतील. जवळ राहत असाल तर पिण्याचं पाणी ठेवा आणि बायका-म्हाताऱ्यांना घरातलं टॉयलेट वापरू द्या. पाणी सगळे देतात, टॉयलेट कोणी देत नाही.

मंडळीतली भांडणं हा वेगळाच विषय आहे, त्यावर लिहीत बसले तर रात्र होईल. मत्तय 5 मध्ये सांगितलंय तेवढं करा, अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट. व्हॉट्सअॅपवर वचन टाकून टोमणा मारणं म्हणजे समेट नव्हे. फोन करा, शक्यतो घरी जा, आणि कमिटीचा विषय काढू नका.

राहिलं उसने पैसे. कोणी मागितले तर परत आले नाहीत तरी झोप लागेल एवढीच रक्कम द्या, आणि दिल्यावर तो रस्त्यात दिसला की तोंड वाकडं करायचं नाही, विषयही काढायचा नाही. कर्जाला जामीन राहायला मात्र सरळ नाही म्हणा, बायबलच्या नीतिसूत्रांत त्याबद्दल एकदा नाही, कितीतरी वेळा बजावलंय. नाही म्हणताना समोरच्याला दारात उभं ठेवू नका, आत बोलवा, चहा टाका आणि मग नाही म्हणा.