वसंतातील शालेय उपक्रम आणि विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद : तालुक्याच्या गावातील शाळांसाठी मार्गदर्शन

प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम आणि स्नेहसंमेलन आटोपले की शाळेच्या वर्षातील सर्वांत धावपळीचा काळ सुरू होतो. शिष्यवृत्ती परीक्षा, दहावीच्या विद्यार्थ्यांचा शुभचिंतन समारंभ, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन, होळी, मार्चमधील सकाळची शाळा आणि एप्रिलमधील संकलित मूल्यमापन हे सारे एकामागोमाग येते. याच काळात पळस फुलतो, कडुनिंबाला पालवी फुटते आणि मुलांना वर्गाबाहेर नेण्यासाठी वर्षभरातील उत्तम दिवस मिळतात. मात्र वर्ष संपताना वर्णनात्मक नोंदी भरण्याची वेळ आली की ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘स्वतःचे मत निर्भीडपणे मांडते’ अशी तयार वाक्ये चाळीस मुलांच्या पत्रकांवर आलटून पालटून उतरतात. त्या वाक्यांतून कोणत्याही एका मुलाची ओळख पटत नाही, म्हणून ती लिहिणे न लिहिण्यासारखेच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक मुलाविषयी निदान एक खरी, त्याच्यापुरतीच असलेली नोंद करता यावी यासाठी जानेवारीअखेरपासून काम कसे आखावे, ते येथे सांगत आहे.

आधी नोंदवही, मग उपक्रम

दोनशे पानांची एक साधी वही घ्यावी आणि हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येक विद्यार्थ्याला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. संगणकावर किंवा मोबाइलवर नोंदी ठेवण्यास हरकत नाही, परंतु वही टेबलावर असली की मधल्या सुट्टीतही दोन ओळी लिहून होतात, आणि दुसऱ्या शिक्षकांनाही आपण पाहिलेले तिच्यात लिहिता येते. नोंदीत चार गोष्टी असाव्यात : तारीख, मुलाने प्रत्यक्ष काय केले, त्याचा पुरावा कोठे ठेवला आहे आणि ते कोणी पाहिले. ‘विज्ञानात चांगली प्रगती’ ही नोंद नव्हे. ‘काटेसावरीवर सकाळी आलेल्या पक्ष्यांचे तीन प्रकार चोचीच्या आकारावरून वेगळे ओळखले, चित्र गटाच्या फाइलमध्ये आहे’ ही नोंद झाली. अशी नोंद त्याच दिवशी लिहावी. आठवडा उलटला की तपशील विसरतात आणि केवळ विशेषणे उरतात.

यश कशाला म्हणावे, हे वर्गशिक्षकांनी सहकाऱ्यांशी बोलून आधीच ठरवावे. तालुका किंवा जिल्हा पातळीवरील पारितोषिक हे यश आहेच. तथापि, जे आधी येत नव्हते आणि आता येते, किंवा जे कोणी न सांगता मुलाने स्वतः हाती घेतले, तेही यशच आहे. आजवर परिपाठात तोंड न उघडलेल्या मुलीने सुविचार मोठ्याने वाचला, अपूर्णांकाची बेरीज चुकणाऱ्या मुलाने ती शेजाऱ्याला समजावून सांगितली, बोअरवेलच्या गळक्या नळाखाली बादली ठेवून वर्गाच्या तासात किती पाणी वाया जाते हे कोणी मोजले, तर या तिन्ही गोष्टी तारखेसह वहीत यायला हव्यात.

फेब्रुवारीच्या मध्यावर ही वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळावी आणि कोणाची पाने कोरी आहेत त्यांची यादी करावी. माझ्या मते संपूर्ण पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. बहुतेक वर्गांत वक्तृत्व, नृत्य, धावणे आणि सूत्रसंचालन या सर्व ठिकाणी तीच पाच-सहा मुले पुढे असतात आणि त्यांची पाने भरून वाहत असतात. कोरी पाने मुलांचे अपयश दाखवत नाहीत, तर शाळेने त्यांना अजून कोणती संधी दिलेली नाही ते दाखवतात. म्हणून मार्चमधील उपक्रमांची जबाबदारी वाटताना या यादीतील मुलांपासून सुरुवात करावी.

मराठवाड्यातील आणि नगर, नाशिक भागांतील काही तालुक्यांत ऊसतोडीसाठी पालकांबरोबर गेलेली मुले हंगाम संपल्यावर, म्हणजे साधारण मार्चपासून परत येऊ लागतात. त्यांची पाने साहजिकच कोरी असतात. त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहावी आणि स्थलांतराच्या काळात ती जेथे शिकली तेथील नोंद मागवून वहीत जोडावी. ती मिळाली नाही तर मुलांनाच विचारावे. फडावर उसाच्या मोळ्या मोजणारे, धाकट्या भावंडांना सांभाळून स्वयंपाक करणारे मूल काही शिकलेले नाही असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे.

प्रमाणपत्रे आणि शिष्यवृत्त्या

या भागात उत्साहापेक्षा काटेकोरपणा उपयोगी पडतो. कोणत्याही प्रमाणपत्रावरील विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे किंवा आईचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळते का, हे प्रमाणपत्र हाती आल्या दिवशीच तपासावे. क्रीडा स्पर्धांतील कामगिरीमुळे किंवा शासकीय रेखाकला परीक्षेतील श्रेणीमुळे दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात. त्यांचे प्रस्ताव ठरलेल्या मुदतीतच जावे लागतात, आणि नावातील एका अक्षराच्या फरकासाठी ऐन वेळी धावपळ करणे कोणालाच परवडत नाही. मूळ प्रत पालकांकडे द्यावी आणि छायाप्रत शाळेच्या फाइलमध्ये ठेवावी.

आठवीतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचे, म्हणजे एनएमएमएसचे, काम निकालाच्या दिवशी संपत नाही. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, परंतु त्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पुढे प्रत्येक वर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. म्हणून सत्काराच्या आधी विद्यार्थ्याचे बँक खाते उघडले आहे का आणि ते आधारशी जोडले आहे का, हे विचारावे. नूतनीकरणाची आठवण वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, कारण बारावीपर्यंत ते मूल आपल्याच शाळेत असेल असे नाही आणि निघताना ही माहिती त्याच्याबरोबर जायला हवी.

इन्स्पायर या विद्यार्थ्यांच्या वैज्ञानिक नवकल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या पुरस्कारासाठी प्रत्येक शाळेला विद्यार्थ्यांच्या पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती बनवण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. नामांकने नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत भरली जातात आणि त्या घाईत कल्पना शोधल्या की इंटरनेटवरील नमुन्यांची नक्कल होते. वसंतातील उपक्रमांत मुलांनी विचारलेले प्रश्न आणि सुचवलेले उपाय आत्ताच टिपून ठेवले, तर जूनमध्ये त्यांच्यातून निवड करता येते.

वर्गाबाहेरचे काम

उपक्रम थोडेच घ्यावेत, पण ते सलग चालवावेत. एक दिवस झाडे पाहून आलेल्या मुलांपेक्षा दहा आठवडे एकच झाड पाहणारी मुले कितीतरी अधिक शिकतात.

चार-पाच मुलांचा गट करून प्रत्येक गटाला एक झाड द्यावे. शाळेच्या आवारात कडुनिंब, पिंपळ, करंज, आंबा किंवा चिंच असतेच आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर पळस, पांगारा, काटेसावर सापडतात. झाडाला खिळा ठोकू नये, सुतळीने पुठ्ठ्याची पट्टी बांधावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कोवळी पालवी, पक्व पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे आणि पिकलेली फळे या प्रत्येकासमोर ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘बरेच’ असे लिहावे. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात अशाच प्रकारच्या साप्ताहिक नोंदी स्वीकारल्या जातात, त्यामुळे शाळेला त्यात सहभागी होऊन आपल्या गावातील झाडांची माहिती इतर राज्यांतील नोंदींशी ताडून पाहता येते. गुढीपाडव्याला दारोदारी लागणारा कडुनिंबाचा डहाळा त्या आठवड्यात कोवळा होता की फुलावर आला होता, हे दरवर्षी नोंदवत गेले तर काही वर्षांत शाळेकडे गावाचा स्वतःचा ऋतुतक्ता तयार होतो. झाडाच्या नोंदी ठेवण्याचे काम शांत, नियमित मुलांना फार मानवते, आणि स्पर्धांत मागे राहणारी मुले नेमकी अशीच असतात.

फुललेल्या काटेसावरीखाली किंवा पळसाखाली सकाळी अर्धा तास उभे राहिले तर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवाही दिसतो. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या जागतिक पक्षिगणनेत शाळांना आपल्या आवारातून भाग घेता येतो. एका यादीसाठी किमान १५ मिनिटे निरीक्षण करणे पुरेसे असते. न ओळखलेल्या पक्ष्याचे नाव अंदाजाने लिहू नये. ‘ओळखता आला नाही’ असे लिहून त्याचे चित्र काढणाऱ्या मुलाची नोंद वहीत अवश्य करावी.

मार्चमधील माझ्या सर्वांत आवडीचा प्रयोग सावलीचा आहे, आणि त्याला एक काठी, ओळंबा, खडू व मोजपट्टी याखेरीज काही लागत नाही. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो. सपाट अंगणात बरोबर १०० सेंटिमीटर उंची राहील अशी काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि अकरा वाजल्यापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. या दिवशी सर्व खुणा जवळजवळ एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. सर्वांत आखूड सावली खऱ्या उत्तरेकडे असते. ती ठीक बारा वाजता पडत नाही, हे मुलांना प्रथमच कळते, कारण आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि आपली गावे त्याच्या पश्चिमेला आहेत. कोल्हापूरला ही सावली त्या दिवशी १२ वाजून सुमारे ४० मिनिटांनी येते आणि तिची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर भरते. नागपूरला ती १२ वाजून सुमारे २१ मिनिटांनी येते आणि सुमारे ३९ सेंटिमीटर भरते. ज्या मुलांना त्रिकोणमिती आलेली नाही, त्यांनी काठी १० सेंटिमीटर आणि सावली त्याच प्रमाणात धरून कागदावर काटकोन त्रिकोण काढावा आणि काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. तो कोन म्हणजेच गावाचा अक्षांश, नकाशाच्या पुस्तकात पाहून पडताळता येण्याजोगा. दूरच्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेशी फोनवरून मोजमापांची देवाणघेवाण करता आली, तर दोन गावांमधील उत्तर-दक्षिण अंतर घेऊन आठवी-नववीची मुले पृथ्वीचा परीघही काढू शकतात. सकाळची शाळा लवकर सुटत असल्यामुळे या दिवशी थांबणाऱ्या मुलांच्या पालकांची परवानगी आधी घ्यावी, पिण्याचे पाणी आणि डोक्याला रुमाल सक्तीचा करावा, आणि दोन खुणांच्या मधल्या वेळात सर्वांना सावलीत बसवावे.

होळीच्या आधी पळसाची गळून पडलेली फुले गोळा करून रात्रभर पाण्यात भिजवावीत किंवा उकळून गाळावीत. पिवळसर केशरी रंग मिळतो. झाडावरची फुले तोडू नयेत, कारण पक्ष्यांना त्यांतील मधुरस हवा असतो. मराठी भाषा गौरव दिनाला भाषणांऐवजी मुलांनी आपापल्या घरच्या व्यवसायातील शब्द अर्थासह आणावेत. शेती, कुंभारकाम, वीटभट्टी, शिवणकाम, ऊसतोड अशा प्रत्येक कामातील अवजारांचे आणि कृतींचे शब्द जमले की शाळेचा छोटा कोश तयार होतो, आणि फड, मोळी, वाढे, मुकादम हे शब्द आणणारे मूल त्या दिवशी इतरांना शिकवते.

कौतुक कसे करावे

कौतुक परिपाठात, थोडक्यात आणि नेमक्या शब्दांत करावे. ‘अभिनंदन’ एवढेच म्हणण्यापेक्षा वहीतील नोंदच वाचून दाखवावी. आठवड्यातून तीन-चार नावे घेतली तर वर्षअखेरपर्यंत वर्गातील प्रत्येकाचा क्रम येतो. गुढीपाडव्याच्या सुमारास प्रवेशासाठी गावात फेरी निघते, तेव्हा गुणवत्तायादीच्या फलकाबरोबर मुलांचा ऋतुतक्ता, सावलीची आकृती आणि शब्दकोशही लावावेत. आपल्या गावातील मुले काय करतात हे पालकांनी प्रत्यक्ष पाहिले की त्यांचा विश्वास घोषणांवर अवलंबून राहत नाही. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आर्थिक निकषावर मिळालेल्या शिष्यवृत्तीची बातमी देताना कुटुंबाचे उत्पन्न, पालकांचा व्यवसाय किंवा घरची हलाखी यांचा उल्लेख कटाक्षाने टाळावा. यश मुलाचे आहे आणि गरिबीची कथा जोडल्याने ते मोठे होत नाही.

एप्रिलमध्ये वर्णनात्मक नोंदी भरताना वहीतील वाक्य शक्य तितके जसेच्या तसे उतरवावे. १ मे रोजी निकालाबरोबर पालकांना ते वाचून दाखवावे, विशेषतः ज्यांना स्वतः वाचता येत नाही त्यांना. उन्हाळी सुट्टीत झाडांच्या नोंदी खंडित होऊ नयेत म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे प्रत्येक झाड सोपवावे. ज्यांना कुतूहल असेल त्यांना शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य डोक्यावर येऊन सरळ काठीची सावली दुपारी नाहीशी होते तो दिवस, मे महिन्यात येतो हेही सांगावे आणि आपल्या गावासाठीची तारीख शोधण्यास सांगावे. वही कपाटात ठेवून देऊ नये. ती पुढील इयत्तेच्या वर्गशिक्षकांकडे समक्ष द्यावी, आणि ज्या मुलांची पाने अजूनही जवळजवळ कोरी आहेत त्यांची नावे त्यांना त्याच वेळी तोंडी सांगावीत, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडल्यावर कामाची वाटणी करताना सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.