पोर्टलंडहून सिअ‍ॅटलला जाताय? बूस्टर काढू नका

मुलाला आठ पूर्ण झाली आणि सीटबेल्ट नीट बसत असेल तर ओरेगनमध्ये (पोर्टलंडचं राज्य) बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी सीट, लागत नाही, म्हणून बरेच जण बूस्टर गॅरेजमध्ये टाकून देतात, पण कोलंबिया नदीचा पूल ओलांडला की वॉशिंग्टन राज्याचा (सिअ‍ॅटल तिथलंच) नियम लागतो आणि तिथे उंची बघतात, ४ फूट ९ इंच होईपर्यंत बूस्टर हवाच. नंबर प्लेट कुठलीही असो, गाडी जिथे चालतेय तिथला नियम. त्यामुळे वाटेतली सगळी राज्यं बघायची, सगळ्यात कडक नियम धरायचा आणि घरापासूनच तो पाळायचा. आम्ही दाराच्या चौकटीवर ४ फूट ९ इंचाला पेन्सिलने खूण केलीये, लेक तिथे पोचेपर्यंत बूस्टर गाडीतच. फक्त नुसत्या कमरेच्या बेल्टवर बूस्टर अजिबात वापरू नका, खांद्याचा बेल्ट पाहिजेच.